ब्रह्मपुरीत ग्रीक देवाची मूर्ती सापडली, म्हणजे कोल्हापूरखाली ग्रीकांचं शहर गाडलंय का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सापडली, तर तिथं एखादी हरवलेली ग्रीक वसाहत असेल का, आणि पुरावा कुठं शोधायचा. ग्रीक वसाहतीचा पुरावा नाही. पण त्या टेकडीत जे निघालं ते त्याहून भारी आहे.

मूर्ती खरी आहे. कोल्हापुरातल्या सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या टाऊन हॉल म्युझियमची ती शान. ब्राँझची, वीतभरही उंच नाही. फोटो बघून जाणाऱ्याला 'एवढीशीच?' असं वाटतंच. पण ती एकटी निघाली नाही, हे 'हरवलेलं ग्रीक शहर' म्हणून व्हिडिओ करणारे गिळून टाकतात. सोबत ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा होता. त्यात रोमन जगातून आलेल्या वस्तू मोजक्या (ही मूर्ती त्यांतलीच), बाकी बहुतेक इथल्याच घडणीच्या. हत्ती आणि त्यावर बसलेली माणसं, हे त्यातलंच एक देखणं काम. पावसाळी वाऱ्यावर जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची आणि माल घाट चढून वर यायचा. घरात चिनी फ्लास्क आहे म्हणून आपण चिनी ठरत नाही, तसंच हे.

मग इथं राहत कोण होतं? माझं मत विचाराल तर मूर्ती सोडा, नाणी बघा. कोल्हापूर भागात शिशाची नाणी सापडलीत, सातवाहन काळातली. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. त्यावर ब्राह्मी लिपीत राजांची नावं: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. यांचा कुठं सलग इतिहास लिहिलेला नाही. तरी क्रम कळतो, कारण नंतरच्या राजानं आधीच्याच्या नाण्यावर आपला छाप पुन्हा मारलाय आणि खालची अक्षरं अर्धवट दिसतात. सिवलकुराचा छाप वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर, गौतमीपुत्राचा सिवलकुराच्या. हरवलेलं राजघराणं असं सापडतं! दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी 'हिप्पोकुरा' या राजधानीत 'बालिओकुरोस' नावाचा राजा असल्याचं लिहितो. तो आपला विळिवायकुर, असं बरेच अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर मात्र वाद आहे.

टेकडीचं शास्त्रशुद्ध उत्खनन 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलं. खालच्या थरांत सातवाहनकालीन विटांची घरं आणि खापरं, वर बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. एकाच जागी शेकडो वर्षांच्या अंतरानं पुन्हा वस्ती. कोणता थर कुठल्या काळाचा, हे ठरवायला खापरं आणि नाणीच जास्त कामाला येतात. देखणी मूर्ती पिढ्यानपिढ्या जपली जाते, फुटकं मडकं लगेच फेकलं जातं.

शोधायला निघालाच असाल तर आधी म्युझियम नीट बघा. फावडं घेऊन पंचगंगेकाठी जाऊ नका. आणि घराचा पाया खणताना जुनं काही निघालं तर घासूनपुसून चकचकीत करू नका, होतं तसं राहू द्या, कुठं आणि किती खोल निघालं ते टिपून ठेवा आणि कळवा. 1878 च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपयांत आता कटिंग चहा येतो, तेव्हा किमतीचा हिशोब करत बसू नका.