क्विन्सला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिथल्या तुर्की दुकानातून तिनं पिवळीधमक, पेअरसारखी दिसणारी तीन फळं आणली. इंग्रजीत त्यांना क्विन्स म्हणतात म्हणे. घमघमाट इतका सुटला होता की एक फळ तिनं तसंच कापून खाल्लं, आणि घशाला असा तोठरा बसला की विचारू नका. मोबाईलवर मराठी नाव शोधलं तर ‘बेल’ असं आलं. बेलफळ मला कळतं, हे ते नव्हे. मग याला म्हणायचं काय, आणि उरलेल्या दोन फळांचं करायचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लेकीला सांगा, तिची चूक जुनीच आहे. तुर्कीत क्विन्सला ‘आयवा’ म्हणतात आणि कुणी अडचणीत सापडला की ‘आयवा खाल्ला’ असं म्हणायची तिथे पद्धतच आहे. फार थोडे वाण सोडले तर हे फळ कच्चं खायचं नाहीच, शिजवायचं.

बेलाचा घोळ इंग्रजांनी घातलाय. आपल्या बेलाला त्यांनी ‘बेंगॉल क्विन्स’ म्हटलं आणि भाषांतर करणारे त्याच वाटेनं उलटे आले. बेल लिंबाच्या कुळातला, तर हे फळ सफरचंद-पेअरचं सख्खं भावंड.

आपल्याकडे ते पिकत नाही, त्यामुळे फळाला घरचं मराठी नाव नाही. बी मात्र आपल्या घरांत कधीची आलेली आहे. फारसीत फळाला ‘बेह’ किंवा ‘बिही’ म्हणतात, म्हणून बी झालं बिहीदाणा. काष्ठौषधीच्या दुकानात त्यालाच मोगली बेदाणाही म्हणतात. कोरड्या खोकल्यावर माझी आजी रात्री चिमूटभर दाणे वाटीभर पाण्यात भिजत घाली. सकाळी सब्जासारखा बुळबुळीत रस तयार. एकदा तिनं धाकट्या काकाला ‘बेदाणा आण’ एवढंच सांगून पाठवलं, तर पठ्ठ्यानं पाव किलो किसमिस आणली आणि येताना वाटेत निम्मी संपवली! दाणे अख्खेच भिजवायचे बरं का, चावायचे किंवा वाटायचे नाहीत. सफरचंदाच्या बियांसारखंच यांच्यातही सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. तेव्हा बी बिहीदाणा, तर फळ बिही. मी तरी तसंच म्हणते. नवा शब्द पाडायची काही गरज नाही.

फळाची आणि माझी गाठ पडली श्रीनगरला. ह्यांची तिथे दोन वर्षं बदली होती. घरमालकीणबाई पंडित. त्या याला ‘बमचूंठ’ म्हणत. काश्मिरीत चूंठ म्हणजे सफरचंद. ऑक्टोबरात खिडकीच्या कोनाड्यात सात-आठ फळं मांडून ठेवत, आणि महिनाभर खोलीतल्या रजयांनासुद्धा त्यांचा वास. फळावर राखाडी लव असते. बाई ती फेरनच्या बाहीनं पुसत आणि खालून पिवळी तकतकीत साल निघे. मग जाड फोडी मोहरीच्या तेलात तळायच्या, तशीच वांगी तळायची, आणि दोन्ही हिंग, काश्मिरी मिरची, बडीशेप आणि सुंठीच्या पुडीत शिजवायची. कांदा-लसूण नाही. वांगं लोण्यासारखं मऊ होतं, फोड मात्र आकार सोडत नाही, आंबटगोड लागते. एकदा मी सवयीनं त्यात गुळाचा खडा टाकला. बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी मला कढईपाशी उभं राहू दिलं नाही.

लेकीला भाजी नको असेल तर वडी करू दे. पोर्तुगीजमध्ये या फळाचं नाव ‘मार्मेलो’ आणि त्याच्या घट्ट वडीचं ‘मार्मेलाडा’. संत्र्याच्या मार्मलेडचं नाव तिथूनच आलं. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांना मार्मेलो कुठून मिळणार? त्यांनी पेरूवर भागवलं, तीच गोव्याची पेराद. म्हणजे तुम्ही पेराद खाल्ली असेल, तर या फळाच्या बदलीवर आलेल्या माणसाला भेटलाच आहात.

कृती सोपी, पण सुरी दणकट हवी; लाल भोपळा कापल्यासारखं जोर लावून कापावं लागतं. मधला खरखरीत भाग काढायचा (बिया त्यातच असतात). फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवायच्या, गर चाळणीतून काढायचा, गराइतकीच किंवा जराशी कमी साखर घालायची, वर अर्ध्या लिंबाचा रस. पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, याच्यात भरपूर असतं, त्यामुळे घट्ट होण्यासाठी बाहेरून काहीही न घालता वडी पडते. आणि गंमत आटवताना आहे. फिका पिवळा गर आधी गुलाबी होतो, मग चांगला डाळिंबी. हा रंग त्या तोठऱ्यातूनच येतो: घसा धरणारं टॅनिन मंद आचेवर बराच वेळ शिजलं की लाल होत जातं. आच मोठी करून घाई केली तर गर खाली लागतो आणि रंगही चढत नाही. दोन फळांत एक लहान ताटली सहज भरेल.