कंपनी बंद पडली, सॉफ्टवेअर विकत मिळत नाही. मग त्याची कॉपी जपून ठेवली तर बेकायदा कसं?

कंपनी बुडाली म्हणून कॉपीराइट बुडत नाही. तो मालमत्तेसारखा कुणाकडे तरी जातो: कर्ज देणाऱ्या बँकेकडे, कंपनी विकत घेणाऱ्याकडे. कित्येकदा त्या नव्या मालकालाही आपल्याकडे काय आहे याचा पत्ता नसतो, त्यामुळे परवानगी मागायची तरी कुणाकडे? अमेरिकेत कंपनीच्या नावावरच्या सॉफ्टवेअरचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं चालतो. फ्लॉपी तेवढी टिकेल ही आशाच सोडा.

खरी गोची कॉपी-प्रोटेक्शनची, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाची. जुन्या फ्लॉपींवर मुद्दाम सदोष सेक्टर (डिस्कचे छोटे भाग) ठेवलेले असत. साधी कॉपी करताना तो दोष उतरत नाही, प्रोग्रॅम तो शोधतो, सापडला नाही की बंद पडतो. म्हणजे जपायचं तर कुलूप तोडावं लागतं, आणि अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यानं नेमकं तेच निषिद्ध केलं. दर तीन वर्षांनी त्यातून सवलती मिळतात: २००३ मध्ये कालबाह्य माध्यमांवरच्या प्रोग्रॅमना मिळाली, २०१८ मध्ये ग्रंथालयं, संग्रहालयं आणि अभिलेखागारांना. पण २०२४ मध्ये जतन केलेले गेम संशोधकांना घरबसल्या वापरू द्यायची मागणी फेटाळली गेली. अभ्यासासाठी प्रवास करून जा, हा हट्ट मला तरी पटत नाही.

तुमच्याकडे मूळ डिस्क असेल तर बॅकअप कॉपीला बऱ्याच देशांत मुभा आहे. ती इंटरनेटवर चढवणं मात्र वेगळी गोष्ट; 'ॲबँडनवेअर', म्हणजे मालकानं वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, असा प्रकार कायद्यात नाही.