वाचकांचे प्रश्न: पुश कधी जातं, कधी अडतं

प्रश्न: नव्या प्रकल्पासाठी आम्ही लिनक्स सर्व्हरवर गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) सामायिक बेअर रेपॉझिटरी (कामाच्या फाइलींशिवाय फक्त इतिहासाचं कोठार) बनवली. चौघांचीही सर्व्हरवर दुरून शिरायची स्वतंत्र एसएसएच खाती आहेत. परवानगीची अडचण आली म्हणून सगळ्या फोल्डरला 777 (कोणालाही वाचायची, लिहायची, चालवायची पूर्ण परवानगी) दिलं. काही दिवस चाललं. आता काहींचं पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं) जातं, काहींचं ‘परमिशन डिनाइड’ म्हणून परत येतं. असं का?

उत्तर: 777 मिळालं ते त्या वेळी असलेल्या फोल्डरांना. गिट प्रत्येक ऑब्जेक्टचा (साठवलेल्या प्रत्येक तुकड्याचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून ठरणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, काढतं आणि त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाच्या फोल्डरात तो ठेवतं. असे जास्तीत जास्त 256 फोल्डर होतात, पण लागतील तसेच. आज एखाद्याच्या पुशने ‘7ए’ फोल्डर नव्याने तयार झाला, तर तो त्याच्या मालकीचा. यूमास्क (नव्या फाइली-फोल्डरांच्या कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारी सेटिंग) 022 असेल तर इतरांना तिथे लिहिता येत नाही. उद्या तुमचा ऑब्जेक्ट ‘7ए’त पडला की पुश अडलंच. पुन्हा 777 दिलंत तर तेच चक्र, शिवाय सर्व्हरवरच्या कोणालाही इतिहास पुसायची मुभा.

चौघांचा एक ग्रुप करा आणि प्रत्येकाला लॉगआउट करून परत यायला सांगा. नाहीतर नवा ग्रुप लागू होत नाही. मग रूट (प्रशासकाच्या) खात्याने, रेपॉझिटरीच्या फोल्डरात (टाइप मात्र रोमनमध्ये):

सीएचजीआरपी -आर ग्रुपचंनाव .
सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स,ओ-आरडब्ल्यूएक्स .
फाइंड . -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+एस {} +

पहिल्या दोन ओळींत ‘-आर’मधला आर कॅपिटल हवा. दुसऱ्या ओळीत ‘जी+’ नंतरचा एक्सही कॅपिटल हवा, म्हणजे साध्या फाइली उगाच एक्झिक्यूटेबल होत नाहीत. तिसऱ्या ओळीमुळे नव्या फोल्डरांना ग्रुप वारशाने मिळतो. शेवटी कॉन्फिगमध्ये ‘कोअर.शेअर्डरेपॉझिटरी’ला ‘ग्रुप’ हे मूल्य द्या. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात, आणि महिन्याभरात तक्रार परत येते.

पुढच्या प्रकल्पाला एवढं करावं लागणार नाही: रिकाम्या फोल्डरला आधी ग्रुप द्या, मग त्यातच ‘गिट इनिट --बेअर --शेअर्ड=ग्रुप’ चालवा.

प्रश्न: पुश झालं, पण क्लोन केल्यावर (सर्व्हरवरून प्रत उतरवल्यावर) फोल्डर रिकामा दिसतो.

उत्तर: बहुधा सर्व्हरवरचं हेड (मुख्य ब्रँच, म्हणजे बदलांची शाखा, कोणती ते सांगणारी खूण) ‘मास्टर’ ब्रँचकडे बघतंय आणि तुम्ही पुश केलंय ‘मेन’. सर्व्हरवर ‘गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन’ द्या. इथे हेड कॅपिटलमध्ये, हेड्स स्मॉलमध्ये. गिट 2.28 पासून इनिटलाच ‘--इनिशियल-ब्रँच=मेन’ जोडता येतं.