उत्तम ब्राउझर असूनही त्याचा वाटा का वाढत नाही?

आपला प्रश्न असा आहे की फायरफॉक्स हा ब्राउझर हलका आहे, जाहिरातदारांच्या पाळतीला अटकाव करतो आणि फुकटही मिळतो. तरी जगभरात त्याचा वाटा दोन-तीन टक्क्यांवर का अडकला, आणि जवळपास दोन-तृतीयांश वापर एकट्या गूगलच्या क्रोमकडे का गेला. मी रावेर तालुक्यात संगणक दुरुस्तीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो, त्यामुळे वेगवेगळ्या वयाची आणि व्यवसायांची माणसे रोज ब्राउझरसमोर बसलेली पाहतो. तुलना करून ब्राउझर निवडणारा माणूस त्यांच्यात क्वचितच भेटतो. लोक समोर असलेला ब्राउझर वापरतात आणि तो त्यांच्या कामात किंवा खिशात खुपू लागला, तरच सोडतात. म्हणून नवा ब्राउझर किती चांगला आहे याच्याइतकेच, माझ्या मते त्याहूनही अधिक, हातातला ब्राउझर किती त्रास देतो यावर सारे अवलंबून असते.

नेटस्केपची कथा बहुतेकांना ठाऊक असते. १९९४ साली आलेल्या या ब्राउझरने बाजार काबीज केला होता. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजसोबत फुकट द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच नेटस्केपचा पाया खचला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, पण निकाल लागेपर्यंत नेटस्केप ही कंपनी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने विकत घेतलेली होती. अर्थात सगळा दोष मायक्रोसॉफ्टचाच नव्हता. नेटस्केपने पुढची आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहायला घेतली, आणि २००० च्या अखेरीस ती आली तेव्हा बरीच कच्ची होती.

फायरफॉक्स वाढला तो काळ मात्र नीट पाहण्यासारखा आहे. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ नंतर मायक्रोसॉफ्टने थेट २००६ पर्यंत पुढची आवृत्ती काढली नाही. त्या काळात एखादे संकेतस्थळ उघडले की चार जाहिरातींच्या खिडक्या उघडत, नको ते टूलबार येऊन बसत, आणि व्हायरस काढण्यासाठी विंडोज पुन्हा टाकणे हे आमच्या धंद्यातले नित्याचे काम होते. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, तेव्हा दुरुस्ती करणारेच गिऱ्हाईकाला सांगत, "आता यातूनच नेट चालवा, परत यावे लागणार नाही." २००९-१० च्या सुमारास जगभरातला त्याचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास पोचला, त्यामागे हा रोजचा त्रास होता.

तरीही मराठी वाचणाऱ्यांना तेव्हा फायरफॉक्समध्ये एक मोठी अडचण येत असे, आणि ती इंग्रजी लेखांत सहसा सापडत नाही. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे त्या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, नव्हती. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट असे आणि तो पानाबरोबर ज्या पद्धतीने पाठवला जाई, ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळत असे. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडले की बातमीच्या जागी परदेशी अक्षरांचा आणि चिन्हांचा भरडा दिसे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे 'पद्म' नावाचे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे साधन, होते, परंतु सकाळी पेपर वाचायला बसलेल्या निवृत्त गुरुजींना एक्स्टेंशन म्हणजे काय हे कोण समजावणार? वेग आणि सुरक्षितता यांत सरस असलेला ब्राउझर त्यांच्या लेखी बिघडलेलाच होता, आणि त्यांच्या जागेवरून पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

ओपेरा हे याहून बोलके उदाहरण आहे. नॉर्वेतल्या या कंपनीने अनेक सोयी इतरांच्या आधी आणल्या, पण २००५ पर्यंत संगणकावरचा ओपेरा एकतर विकत घ्यावा लागे किंवा त्यात जाहिरातीची पट्टी सोसावी लागे. बहुतेक संकेतस्थळे त्यात तपासलीच जात नसत, त्यामुळे इतरांनी ढिसाळपणे लिहिलेली पानेही आपल्या इंजिनात (पान पडद्यावर मांडणाऱ्या भागात) नीट दिसावीत यासाठी ओपेराच्या लोकांना अखंड खपावे लागे. अखेर २०१३ मध्ये त्यांनी प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन सोडून दिले. याच कंपनीच्या ओपेरा मिनीला मात्र भारतात छोट्या मोबाइलवर उदंड वापर मिळाला, कारण पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर आक्रसून मग फोनवर येई आणि टूजीवर रिचार्ज पुरवून वापरता येई. पुढे यूसी हा चिनी ब्राउझरही याच कारणाने पसरला, इतका की एके काळी भारतातल्या मोबाइलवर तो क्रोमच्या पुढे होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ही गरज हळूहळू सरली. जून २०२० मध्ये सरकारने यूसीवर बंदी घातली तेव्हा त्याचे वापरणारे फायरफॉक्सकडे गेले नाहीत. फोनमध्ये आधीपासूनच असलेल्या क्रोमवर ते मुकाट्याने सरकले.

फोनमध्ये आधीपासून असणे हा योगायोग नव्हता. गूगलचे प्ले स्टोअर हवे असेल, तर फोन बनवणाऱ्या कंपनीने गूगलची इतर अॅपही सोबत घ्यावीत, अशा करारांवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बोट ठेवले आणि १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. "तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?" असे मी केळीवाल्या शेतकऱ्याला विचारले, तर तो पडद्यावरच्या शोधपट्टीवर बोट ठेवून दाखवतो. त्याच्या दृष्टीने निवड करण्याचा प्रसंगच आलेला नसतो.

केवळ आधीपासून असणे पुरत असते, तर विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा एज जिंकला असता. नवा लॅपटॉप घेऊन येणारे बहुतेक जण त्याच एजमधून आधी क्रोम उतरवून घ्यायला सांगतात. फोनमध्ये जतन केलेले पासवर्ड आणि पत्ते गूगलच्या खात्यातून संगणकावर आपोआप येतात, आणि ती सोय एकदा अंगवळणी पडली की दुसरा कोणताही ब्राउझर परका वाटतो. फोन ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे संगणकही ओढला जातो, असे मला दिसते.

खरी कोंडी मात्र संकेतस्थळे बनवणाऱ्यांपाशी आहे. कोणत्याही योजनेच्या अर्जाची मुदत संपायच्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लोक सातबारा, आठ अ, आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेऊन उभे असतात, ओटीपी उशिरा येत असतो, अंगठ्याचे मशीन मधूनच रुसते. अशा वेळी सगळी माहिती भरल्यावर शेवटचे बटण एखाद्या ब्राउझरमध्ये दाबलेच गेले नाही, तर तो ब्राउझर त्या टेबलावर पुन्हा उघडला जात नाही. दोष बहुधा संकेतस्थळ बनवणाऱ्याचा असतो, कारण त्याने ते क्रोमशिवाय कुठे तपासलेलेच नसते. त्याचेही गणित असे की दोन-तीन टक्के लोकांसाठी वेगळी चाचणी करायला त्याला कोणी पैसे देत नाही. रांगेतला माणूस एवढेच म्हणतो, "भाऊ, पहिलेच्यातच उघडा ना." शंभर पाने किंचित लवकर उघडल्याचा फायदा कोणाच्या लक्षात राहत नाही, पण अडकलेला एक अर्ज वर्षभर लक्षात राहतो. वाटा कमी म्हणून चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून वाटा आणखी कमी, असे हे चालू राहते.

कोणता ब्राउझर हवा हे सुरुवातीलाच विचारणारा निवडीचा पडदा दाखवून हे सुटेल, असे पुष्कळांना वाटते. युरोपात मायक्रोसॉफ्टला २०१० पासून असा पडदा दाखवावा लागला. मध्यंतरी तो सुमारे चौदा महिने अनेक संगणकांवर दिसलाच नाही, म्हणून ५६.१ कोटी युरोंचा दंडही झाला. त्या वर्षांत झपाट्याने वाढला तो मुख्यतः क्रोमच. त्याच्यामागे गूगलच्या मुखपृष्ठावरची जाहिरात होती, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध मुळातच ठेवण्याबद्दल गूगल देत असलेल्या मोबदल्यातूनच येते. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच पैशावर घर चालवणाऱ्याकडून फार मोठ्या आक्रमकतेची अपेक्षा मी तरी करत नाही.

आता क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि यूब्लॉक ओरिजिनसारखे जाहिराती अडवणारे साधन त्यात चालेनासे झाले, तेव्हा लोक वळतील, असे आपल्यासारख्या अनेकांना वाटले. संगणकावर काही जण वळलेही. परंतु आपल्याकडचे बहुतेक लोक फोनवरूनच नेट वापरतात आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन कधी चालतच नव्हती, त्यामुळे त्यांचे काही गेले, असे त्यांना वाटण्याचे कारण नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून ही सोय फोनवर मोकळेपणाने दिली आहे. मी ती काही गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये बसवून देतो. बातम्या वाचताना जाहिराती गायब झालेल्या पाहून ते खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक दाबली की पुन्हा क्रोमच उघडतो, कारण मूळ ब्राउझर कोणता हे ठरवणारी सेटिंग बदलायची राहून गेलेली असते.