खोबरेल थिजायला लागलं की

भुसावळ,
कार्तिक वद्य पंचमी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. मला मोबाइलवर एवढं लांबलचक टाइप करता येत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या तीन तक्रारी आहेत. खोबरेलाची बाटली दगड झाली, ओठ फुटले आणि 'काका, रूम म्हणजे नुसती झोपायची जागा झालीय, बदली होईपर्यंत कशाला मांडामांड करायची.'

पहिल्या दोन आधी उरकतो. खोबरेल 24 अंशांच्या खाली गेलं की थिजतंच, त्यात बाटलीचा दोष नाही. तुमच्या रत्नागिरीकडे ही पाळी क्वचित येते, मनमाडला आता फेब्रुवारीपर्यंत रोज येईल. निमुळत्या बाटलीतलं तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढून घे, म्हणजे बोटाने काढता येईल. नाहीतर अंघोळीचं पाणी काढशील तेव्हा तांब्याभर गरम पाण्यात बाटली उभी कर, अंगावर पाणी घेईपर्यंत तेल पातळ होतं. ओठांसाठी दुकानातली कांडी कशाला? आईला सांग, मुठेल पाठव. कोकमाच्या बियांचं ते पांढरं, मुठीत वळलेलं तेल. तुमच्याच घरातली वस्तू आणि तू विसरलीस! जरा निखाऱ्याजवळ किंवा दिव्याजवळ धरलं की सुटतं. ओठांना लाव, टाचांना लाव. आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या जागेत, कोकणातला एक ड्रायव्हर होता, त्याच्या पेटीत कपडे कमी आणि मुठेल जास्त असायचं. हिवाळ्यात सगळे त्याच्याशी गोड बोलायचे.

आता तिसरी तक्रार.

1984 साली मी गार्ड म्हणून लागलो. तुम्हाला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणून चढलो आणि गार्ड म्हणूनच उतरलो. पहिल्या पोस्टिंगला मीही तुझ्यासारखाच शहाणा होतो. रेल्वे वसाहतीच्या मागे एक खोली घेतली, ट्रंक भिंतीला लावली आणि दोन हिवाळे ती उघडलीच नाही. वरच्यावर काढून घालायचे तेवढे कपडे खिळ्याला. बदली होणारच आहे, मग आवरायचं कशाला? बदली झाली दोन वर्षांनी. ट्रंक उघडली तेव्हा तळाशी आईने दिलेली गोधडी होती, घडीच्या रेषेवर कसरीने खाल्लेली. दोन वर्षं मी रेल्वेच्या खरबरीत कांबळ्यात कुडकुडत काढली आणि गोधडी माझ्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर. आजही हे काकूला सांगितलं की ती कपाळाला हात लावते.

मालगाडीच्या शेवटच्या, गार्डच्या डब्याची, ब्रेकव्हॅनची थंडी तुला सांगायची गरज नाही. मी छातीवर स्वेटरच्या आतून वर्तमानपत्र लावायचो, वारा आत शिरत नाही. तूही लावून बघ, आजही चालतं. भुसावळहून निघालं की पाचोऱ्यापर्यंत काही वाटत नाही. चाळीसगाव सुटलं, नांदगावकडे चढण लागली की मात्र हवा बदलते. दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ असतं, ढगाचं पांघरूण नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. म्हणून तर तुमच्या शेजारच्या निफाडच्या पाऱ्याचा आकडा दरवर्षी पेपरात येतो.

अशाच एका रात्री आमची मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावली. एकामागून एक एक्सप्रेस काढत होते, तीन-साडेतीन तास गेले. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनने केबिनच्या मागे तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या होत्या. मला हाक मारली, 'साहेब, या शेकायला.' जाळाच्या कडेला त्याने दोन वांगी टाकली होती आणि मूठभर हिरव्या मिरच्या. मिरच्या फटफट वाजत होत्या. सालं काढली, लसणाच्या चार पाकळ्या दगडावर ठेचल्या, मीठ टाकलं आणि पेपरावर काला केला. भाकरी त्याच्या डब्यातली, अर्धी अर्धी. बोटं भाजत होती आणि पाठ गारठलेली. मला एकदम वाटलं, या माणसाची ड्यूटी माझ्यापेक्षा बरी नाही, पगार तर निम्मा, पण थंडीत राहणं याला येतं आणि मला थंडी फक्त वाजते. त्याने संध्याकाळी ड्यूटीवर येताना वाटेतल्या शेतातून दोन वांगी मागून घेतली होती. बस, एवढीच त्याची तयारी.

म्हणून तुला माझं सांगणं एवढंच आहे. हेडक्वार्टरला 16 तासांची रेस्ट मिळते ना? त्यातले आठ-नऊ झोपेत जातात, जाऊ देत, झोप चुकवू नकोस, तुझ्या झोपेवर गाडी चालते. उरलेल्यातला एक तास खोलीला दे. रोज एक. त्या तासात मोबाइल नाही. काय करायचं ते सांगतो, पण यादी समजून भिंतीला चिकटवू नकोस.

रात्री ड्यूटीचा कॉल असेल त्या दिवशी सकाळीच गोधडी गच्चीवर वाळत घाल. अकराच्या सुमाराला उलटी कर. दुपारी जेवून झोपायच्या वेळी आत आण आणि लगेच अंगावर घे. गार होऊ द्यायची नाही. कार्तिकातल्या उन्हात तापलेल्या गोधडीला एक वास असतो, कापसाचा, धुळीचा, जुन्या लुगड्याचा. तो वास आला की मला पाच मिनिटांत झोप लागते, सायडिंगला इंजिन किंचाळत असलं तरी. खिडकीला जाड पडदा हवाच, तो नसेल तर जुनी चादर दुहेरी करून लाव. दिवसा झोपणाऱ्या माणसाला अंधार विकत घ्यावा लागतो, आणि तो स्वस्तात मिळतो.

अंघोळ रोज साग्रसंगीत नको. मनमाडला नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे मी भुसावळात बसून तुला सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण आठवड्यातून एकदा, रेस्ट लांब असेल तेव्हा, तिळाचं तेल कोमट करून अंगाला चोळ आणि एक बादली कढत पाणी घे. सावकाश घे. दिवाळीचं उटणं उरलं असेल ते संपवून टाक, पुढच्या वर्षीपर्यंत त्याचा वास जातो.

इथे एक गोष्ट रागावून सांगतोय. खोलीत शेगडी, निखारे, कोळसा काही म्हणजे काही पेटवून दार लावायचं नाही. माझ्या बरोबरीच्या एकाने क्वार्टरमध्ये हेच केलं होतं. धूर दिसत नव्हता म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. पहाटे त्याच्या बायकोचं डोकं फुटायला आलं, ती सरपटत दारापर्यंत गेली, कडी काढली, म्हणून दोघं आज नातवंडं खेळवतायत. तुझ्या घरमालकाने बाथरूममध्ये गॅसचा गीझर बसवला असेल तर तेही तसंच. आधी बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग अंघोळ. झरोका उघडा. थंडी वाजली तरी उघडा. ऊब अंगाला मिळवायची, खोलीला नाही.

आता खाण्याचं. तू ट्रेनिंग स्कूलमध्ये असताना रविवारी आमच्याकडे जेवायला यायचीस, आणि पहिल्यांदा भरीत बघून 'हे हिरवं का आहे?' असं विचारलं होतंस. काकूला ते अजून आठवतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालं, ते याच हिरव्यापणासाठी असं मी लोकांना सांगतो. खरं कारण अर्थात चव आणि कमी बिया. मोठं, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं की घ्यायचं. जड असेल तर बिया निघतात.

शेतात ते पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, नाहीतर तुराट्यांवर भाजतात. तुझ्याकडे गॅस आहे, हरकत नाही. तेलाचा हात फिरव, सुरीने तीन-चार ठिकाणी टोच, नाहीतर फुटून भिंत रंगवेल. देठ धरून फिरवत राहा. घाई केलीस तर वरून कोळसा आणि आत कच्चं. साल पूर्ण काळी पडून वांगं मान टाकतं, तेव्हा झालं समजायचं. ताटाखाली पाच मिनिटं झाकून ठेव आणि मग साल काढ. आणि हे लक्षात ठेव, नळाखाली धरायचं नाही! धुतलं की धुराचा वास गेला, मग उरलं काय? एखादा काळा तुकडा राहिला तर राहू दे. मिरच्याही त्याच जाळावर भाजून लसणाबरोबर ठेच. आमच्याकडे लाकडी बडगीत ठेचतात. तुझ्याकडे बडगी नसेल तर तांब्याच्या बुडाने ठेच, पण मिक्सर लावू नकोस. तेलात शेंगदाणे, तो ठेचा, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वर वांगं. पात तुमच्याकडे उत्तम मिळेल, कांद्याच्या मुलखात राहतेस.

त्याबरोबर कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. तुला भाकरी थापता येत नाही हे मला माहीत आहे, तांदळाची येते म्हणतेस ती ही नव्हे. कडा फाटतील, फाटू देत. पहिल्या दहा भाकऱ्या कोणाला दाखवायच्या नसतातच. बाकी या दिवसांत बाजारात डोळे उघडे ठेव. सीताफळ संपत आलंय, पेरू आलाय, आवळा आलाय, आणि महिनाभरात तुरीच्या शेंगा येतील. त्या मीठ घालून उकडायच्या, कॉलची वाट बघत सोलत बसायचं. शेंगा सोलताना हात गुंततात, मोबाइल आपोआप सुटतो.

काकू चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावत नाही. मी गाडीवर असायचो, मिळेल ते खायचो, म्हणून मला तेव्हा सूट दिली होती. निवृत्तीनंतर ती मागे घ्यायला ती विसरली, मीही आठवण करून दिलेली नाही.

आणि एकटं वाटलं तर खोलीत बसून राहू नकोस. पहाटे साइन ऑफ करून गुरुद्वाऱ्यात जा, लंगरमध्ये बस. गरम चहा मिळतो, कोणी काही विचारत नाही. मनमाडच्या त्या चहाची चव मला अजून आठवते. येताना हडबीच्या शेंडीकडे, त्या अंगठ्यासारख्या सुळक्याकडे, बघ, सूर्य वर येताना तिची एक कड आधी उजळते. तू रोज तिच्यासमोरून जातेस आणि मला वाटतं अजून एकदाही नीट बघितलेली नाहीस.

देवदिवाळीला तुला घरी जायला मिळणार नाही, आई म्हणाली फोनवर. मग खोलीतच पणती लाव. आकाशकंदील अजून काढला नसशील तर आणखी आठ दिवस राहू दे, कोणी दंड करत नाही.

काकूने तुझ्यासाठी गोधडी शिवली आहे. वरून तिचं जुनं नऊवारी, आत माझ्या दोन विटलेल्या लुंग्या, हे तिने सांगू नको म्हटलं होतं. मंगळवारच्या पॅसेंजरला आपल्या ओळखीचा गार्ड आहे, त्याच्या हाती पिशवी देतोय. तो मनमाडला तुझ्या लॉबीत, जिथे तू ड्यूटीची सही करतेस तिथे, ठेवेल. पिशवीत गोधडी खाली, कळण्याच्या पिठाची पुडी मधे आणि वर चार वांगी आहेत. त्याला पिशवी आडवी ठेवू नको म्हणून बजावलंय, तरी तू आल्याबरोबर वांगी बाहेर काढ. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, दोन दिवसांत भाज. आणि गोधडी ट्रंकेत टाकलीस असं कळलं तर मी स्वतः मनमाडला येईन.

तुझा,
भुसावळचा काका