आधी मशीनपाशी जा, मग परचेसकडे

चाकण-भोसरीत कटिंग टूल विकायला नवीनच लागला आहेस, म्हणून मनापासून सांगतो: परचेसच्या केबिनबाहेर ताटकळत बसू नकोस, शॉपफ्लोअर गाठ. एका कारखान्यातून आमचं इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा, बदलता येणारा कापणारा तुकडा) महाग म्हणून तीनदा परत आलं. चौथ्या वेळी मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरशेजारी अख्खी शिफ्ट उभा राहिलो, इन्सर्टच्या एका धारेवर किती नग निघतात ते वहीत मांडत गेलो. नगामागचा खर्च कमी दिसला, तसा प्रॉडक्शन मॅनेजरनेच परचेसला फोन लावला. टीमच्या सोमवारच्या मीटिंगमध्येही कॉल किती झाले यापेक्षा ट्रायल किती लागल्या तेच विचारतो मी.

आणि हो, पेमेंटचं आधीच बोलून घे. आपल्यासारख्या नोंदणीकृत लघुउत्पादकाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत.