पप्पांचं डायलिसिस, क्लिनिकल रिसर्च आणि मामाचा ‘गिनिपिग’

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, पोरगी जालन्याची, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला, वडील तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर, आणि हिला क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे माणसांवर औषधं तपासून बघायच्या संशोधनात, जाऊन किडनी फेल झालेल्यांसाठी औषध शोधायचंय. मामा म्हणतो माणसांना गिनिपिग करायचे धंदे आहेत, त्यापेक्षा मेडिकल टाक. आणि एका क्लासने सहा महिन्यांच्या कोर्सला लाखभर फी आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’ सांगितलंय.

आधी कडू गोळी देते. पप्पांचं डायलिसिस सुटेल असं औषध आपल्या हातून निघेल या आशेवर या लाइनमध्ये येऊ नकोस. किडनी पूर्ण गेली की आज डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट हेच दोन रस्ते आहेत, आणि डायलिसिसच्या पेशंटवरचं बरंचसं संशोधन हे त्यांना जास्त दिवस आणि बऱ्यापैकी कसं जगता येईल यावर चालतं, त्यातही पुष्कळ वेळा चार-पाच वर्षं खपल्यावर उत्तर येतं की ‘याने काही फरक पडत नाही’. हे पचणार असेल तरच पुढे वाच.

तू लिहिलंयस की पप्पांना डायलिसिसच्या शेवटी एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे रक्त वाढवायचं, इंजेक्शन देतात, हिमोग्लोबिन १०.८ आहे, डॉक्टर म्हणतात ठीक आहे आणि तुला राग येतो की १३ का नाही करत. तुझं करिअर तिथेच आहे बघ. हे औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याआधी या पेशंटना सारखं रक्त चढवावं लागायचं. मग सगळ्यांना साहजिकच वाटलं की नॉर्मल माणसाइतकं वर नेलं तर अजून चांगलं. तिकडेच डायलिसिसवरच्या आणि हृदयविकार असलेल्या १२३३ जणांवर ट्रायल केली, अर्ध्यांचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ४२ टक्क्यांना न्यायचं, अर्ध्यांचं ३० च्या आसपास ठेवायचं, आणि ती मध्येच थांबवावी लागली कारण ४२ वाल्यांमध्येच मृत्यू आणि हार्ट अटॅक जास्त दिसत होते. हे १९९८ मध्ये छापून आलं. २००६ मध्ये डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या किडनीच्या १४३२ पेशंटवर साधारण हाच प्रकार, हिमोग्लोबिनचं टार्गेट १३.५ विरुद्ध ११.३, आणि परत जास्तवाल्यांचंच नुकसान. म्हणून पप्पांचे डॉक्टर १०.८ वर खूश आहेत.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. बाकी जगाला स्टॅटिनचा फायदा होतो, पण जर्मनीत डायलिसिसवरच्या १२५५ डायबेटिक पेशंटना दिली तर कोलेस्टेरॉल मस्त उतरलं आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयाने होणारे मृत्यू यांच्यात म्हणावा असा फरक नाही (२००५). २००९ मध्ये २७७६ जणांच्या ट्रायलमध्येही तेच. म्हणजे डायलिसिसचा पेशंट हा वेगळाच प्राणी आहे, दुसऱ्यांवरचं उत्तर त्याला चिकटवता येत नाही, आणि गंमत म्हणजे इतर औषधांच्या ट्रायलमधून नेमकं यांनाच वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं गेलं. सगळंच निराशाजनक नाहीये हं, २०२३ मध्ये युरोपातल्या १३६० पेशंटच्या ट्रायलमध्ये नेहमीच्या हिमोडायलिसिसऐवजी हिमोडायाफिल्ट्रेशन (रक्तातून जास्त पाणी गाळून, तेवढंच परत भरून साफ करायची पद्धत) केलं तर मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी कमी दिसला. मशीन बदलून, गोळी नाही.

आता तुझं काम काय असेल. बी.फार्म.वर तुला पहिली नोकरी मिळू शकते ती सीआरसीची, म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, हॉस्पिटलच्या बाजूने. पांढरा कोट, मायक्रोस्कोप वगैरे डोक्यातून काढ. रजिस्टर, फाइली, फोन. कोण ट्रायलमध्ये बसतो ते बघायचं, मराठीतला कन्सेंट, म्हणजे संमतीचा, फॉर्म समजावायचा, ठरलेल्या तारखेलाच सॅम्पल घ्यायचं. रविवारच्या लांब गॅपनंतर सोमवारी पेशंटचं पोटॅशियम वेगळं आणि बुधवारी वेगळं येतं, त्यामुळे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, बुधवार असेल तर बुधवारच, आणि डायलिसिस लावायच्या आधी. ट्रायलमधला पेशंट ॲडमिट झाला की औषधाचा संबंध असो नसो ती सीरियस घटना धरतात, २४ तासांत कळवायची. आणि डायलिसिसचे पेशंट किती वेळा ॲडमिट होतात ते तुला मी सांगायला नको, कधी फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली शीर) बंद पडतो, कधी पाणी वाढून धाप लागते. रात्री अकराला फोन येतील.

कंपनीच्या बाजूला मॉनिटर (ट्रायल नीट चालतेय का ते तपासणारा), डेटा, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं) अशाही नोकऱ्या आहेत, पुण्या-मुंबईत जास्त, पगार पुढे बरा होतो, पण माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं पेशंटच्या खुर्चीजवळ काढ, पगार बेताचा असला तरी. एक मात्र पथ्य, पप्पा जिथे डायलिसिस घेतात त्या युनिटमध्ये नोकरी नको. उद्या तिथल्याच ट्रायलमध्ये त्यांना घ्यायचं म्हटलं तर तुझी पंचाईत होईल आणि त्यांना ‘नको’ म्हणता येणार नाही.

यावरूनच मामांच्या मुद्द्याकडे येते. त्यांना हसू नकोस. आपल्याकडे गरीब माणसाला धड न सांगता सह्या घेतल्याच्या तक्रारी झाल्यात, म्हणूनच नियम कडक झाले. २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सरकारी रजिस्ट्रीत, सीटीआरआयमध्ये, नोंद सक्तीची आहे, २०१९ च्या नियमांत एथिक्स कमिटी आणि नुकसानभरपाईचं सविस्तर दिलंय. तरी आठवड्यातून तीनदा ज्या मशीनवर जीव अवलंबून आहे, तिथल्याच डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला तर माणूस न वाचता सही करतो. अशा वेळी ‘काका, घरी न्या, वाचा, नाही म्हणालात तरी डायलिसिस चालूच राहणार’ हे सांगणारी मुलगी तिथे हवी, आणि तू ते सांगशील तेव्हा खरं वाटेल.

क्लासला लाख रुपये देऊ नकोस. प्लेसमेंट लेखी मागून बघ, आवाज बदलतो का. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे ट्रायल कशी चालवायची त्या नियमांचं, बेसिक ट्रेनिंग ऑनलाइन फुकट मिळतं, आयसीएमआरच्या चेन्नईच्या साथरोग संस्थेचेही संशोधनाचे ऑनलाइन कोर्स आहेत, ते कर. जीपॅट ही प्रवेश परीक्षा दे, एम.फार्म.चा दरवाजा उघडा राहू दे. आणि सीटीआरआयच्या साइटवर जाऊन हिमोडायलिसिस टाकून शोध, प्रत्येक ट्रायलखाली हॉस्पिटलांची नावं असतात, संभाजीनगर-पुण्यातली कोणती ते उतरवून घे आणि तिथल्या रिसर्च विभागाला सरळ मेल टाक. जाहिरातीची वाट बघू नकोस.

तुझ्या पत्रात एक ओळ होती, ‘घरी आले की पप्पा संध्याकाळपर्यंत उठत नाहीत’. डायलिसिसच्या ट्रायलमध्ये नक्की काय मोजायला पाहिजे हे ठरवताना पेशंट आणि घरच्यांनाही विचारलं गेलं, तेव्हा जी चार मुख्य गोष्टींची यादी ठरली त्यात मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुला-कॅथेटरच्या जोडीला थकवा होता. इंटरव्ह्यूत ‘या क्षेत्रात का यायचंय’ विचारतील तेव्हा हे सांग. आणि सीव्हीतली ती ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’वाली ओळ काढून परत पाठव मला, रविवारपर्यंत बघते.